काकाच्या विभागातले शेवाळे

शेवाळे आमच्याकडे जेवायला यायचे ते हातमोजे घालून. थंडीचे लोकरीचे नव्हेत. पांढरे, सुती, लग्नाच्या बँडातले लोक घालतात तसले. पानावर बसण्याआधी ते काढायचे, कोटाच्या उजव्या खिशात ठेवायचे, डाव्या खिशातून दवाखान्यातले पातळ रबरी मोजे काढून चढवायचे आणि मग वरणभात कालवायला घ्यायचे. हा सगळा बदल ते बाथरूममध्ये जाऊन, दार लावून करायचे. रबराच्या बोटांनी भात कालवणारा माणूस मी साताऱ्यात कधी पाहिला नव्हता आणि जर्मनीतही पुन्हा पाहिला नाही.

ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. माझा नवरा मंदार आणि शेवाळे स्टुटगार्टजवळ त्सुफेनहाउझेनला एकाच कंपनीत होते. कंपनी गिअरचे सुटे भाग करायची. मंदार डिझाइनमध्ये, आणि शेवाळे मेसराउममध्ये, म्हणजे मापं घेण्याच्या खोलीत. तिथे पोलादाचे गुळगुळीत ठोकळे हाताळताना सगळेच हातमोजे घालतात. फरक इतकाच की बाकीचे लोक संध्याकाळी ते तिथेच काढून ठेवतात आणि शेवाळे ते घालून ट्रेनमध्ये बसत, बाजारात टोमॅटो निवडत, आणि गणपतीच्या आरतीला टाळ्याही त्याच मोज्यांनी वाजवत. त्या टाळीचा आवाज उशी थोपटल्यासारखा यायचा.

मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, बोटांच्या घामाने पोलाद गंजतं वहिनी, मायक्रॉनचा प्रश्न असतो. मी म्हटलं, अहो भावजी, पण माझी पोळी नाही गंजत. तर म्हणाले, सवय मोडू नये. आणि पुढची पोळी वाढून घेतली.

जर्मन माणूस रोज सकाळी ऑफिसात प्रत्येकाशी हात मिळवतो. शेवाळे कुणाशीच मिळवायचे नाहीत. लांबूनच दोन पांढरे मोजे जोडून नमस्कार. त्यांच्या साहेबाला तो भारतीय संस्कृतीचा भाग वाटला आणि काही दिवसांनी तो तिथलाच आडदांड श्वाबियन गृहस्थही त्यांना वाकून नमस्कार करायला लागला. एकदा त्याने शेवाळ्यांना भारतीय संस्कृतीवर चार शब्द बोलायला सांगितलं. शेवाळे पाऊण तास स्क्रूगेजवर बोलले. लोकांनी टेबलं बडवून दाद दिली म्हणे.

पण त्यांचं खरं वेड हातमोजे नव्हेत. खरं वेड म्हणजे ‘विभाग’. जगातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या विभागात मोडते आणि एका विभागाने दुसऱ्यात नाक खुपसायचं नाही, हा त्यांचा धर्म. ताटात कोशिंबीर भाजीला लागली की ते चमच्याने मध्ये रस्ता काढायचे. आमच्या भांडणात मंदारने त्यांना पंच नेमलं तर म्हणायचे, “तो विभाग वेगळा.” आमटीत मीठ कमी आहे का, असं मी विचारलं तरी तेच. मीठ माझ्या विभागात. त्यांच्या विभागात फक्त जेवणं.

आमची इरा झाली त्या वर्षी हा माणूस अगदी घरचाच होऊन गेला. मला आठव्या महिन्यात आमसुलाचं सार हवंसं झालं, तर पठ्ठ्या फ्रांकफुर्टपर्यंत जाऊन आमसुलं घेऊन आला. बाबागाडीचं चाक कुरकुरत होतं, ते उलगडून, तेल घालून, वर किती फेऱ्यांनी पुन्हा बघायचं तेही सांगून गेला. पण पोरीला मात्र हात लावायचा नाही. घ्या की भावजी, म्हटलं की म्हणायचे, एवढा नाजूक माल आमच्या विभागात येत नाही. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाच्या खुर्चीत बसायचे आणि खिशातला स्टीलचा टेप सर्रकन ओढून सर्रकन सोडायचे. इरा खिदळायची. तासन्‌तास दोघांचं हेच चालायचं.

मला सख्खा भाऊ नाही. इराच्या उष्टावणाची वेळ आली तेव्हा मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. पहिला घास मामाने भरवायचा, आणि या परमुलखात मामा म्हणावं असा एकच माणूस होता. शिवाय ते कऱ्हाडचे, मी साताऱ्याची. म्हणजे तसं माहेरचंच.

रविवारी जेवताना मी विषय काढला. शेवाळ्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, “मला नाही जमणार, वहिनी. मी मंदारचा दोस्त. म्हणजे मी काकाच्या विभागात. मामाचा विभाग वेगळा.”

मी हसण्यावारी नेलं. पण ते हसले नाहीत. ताक न पिता उठले आणि पुढचे तीन रविवार आलेच नाहीत. मला भयंकर राग आला. एवढं काय मागितलं होतं मी? एक चमचा खीर तर भरवायची. मंदार म्हणाला, दुसऱ्या कुणाला तरी बोलाव. मी म्हटलं, बोलावणार नाही. पोरगी गाजराच्या उकडीवर वाढेल, पण खीर खाईल ती यांच्याच हातची. इथल्या डॉक्टरांनी गाजराची उकड सुरू करायला सांगितलीच होती, त्यामुळे पोरगी काही उपाशी राहणार नव्हती. अडून बसायला मी मोकळी होते.

शेवटी मंदारनेच त्यांना ओढून आणलं. आले ते उजवा हात खिशात घालून, लंगडत. हे लंगडणं काही नवं नव्हतं. गेलं वर्षभर सकाळी त्यांची टाच दुखायची, बोटं वळायची नाहीत, दुपारपर्यंत सैल व्हायची. ते त्याला ‘थंड इंजिन’ म्हणायचे. हाडांच्या डॉक्टरकडे गेले होते, त्याने ताण पडलाय म्हणून मलम दिलं होतं. आज मात्र टेप काढायला हात बाहेर आला आणि मी पाहतच राहिले. उजव्या हाताचं मधलं बोट मोज्याच्या आत तट्ट फुगलं होतं. मोजा निघेचना. म्हणाले, सकाळपासून निघत नाहीये, ऑफिसात कुणाला सांगणार.

मी शिवणाची कात्री आणली. ते नको नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. पांढरं कापड चिरत गेलं आणि खालून त्यांचा हात निघाला. बोटांच्या पेरांवर, मनगटावर लाल चट्टे, त्यांवर चंदेरी पापुद्रे. नखांवर अंगुस्तानासारखे बारीक खड्डे. आणि ते बोट, मुळापासून टोकापर्यंत एकसारखं सुजलेलं.

शेवाळे खाली बघत होते. मग म्हणाले, सोरायसिस आहे, कॉलेजपासून आहे, लागत नाही कुणाला, कात्री धुऊन घ्या मात्र. मी विचारलं, हे त्या हाडांच्या डॉक्टरला दाखवलंत? तर गृहस्थ चकित होऊन माझ्याकडे बघायला लागले. त्याला कशाला दाखवू? त्याच्याकडे मी हातमोजे घालूनच गेलो. कातडीचा डॉक्टर वेगळा आहे, बाट-कानस्टाटला बसतो. आणि त्या कातडीवाल्याला सांध्यांचं सांगितलंत? छे. “रंगकामवाल्याला गिअरबॉक्सची तक्रार सांगतं का कुणी?”

मी कपाळावर हात मारून घेतला. एवढा शिकलेला माणूस, केसाच्या जाडीचा फरक पकडणारा, आणि स्वतःचं शरीर दोन डॉक्टरांत वाटून मोकळा. हे नुसतं ताणाचं दुखणं दिसत नाही, इतकं मलाही कळत होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांना आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन्ही हात पाहिले, भुवया उंचावल्या आणि संधिवाताच्या तज्ज्ञ बाईंकडे चिठ्ठी दिली. त्यांची वेळ मिळायलाही महिना गेला. जर्मनीत मरायचं झालं तरी आधी टेर्मिन घ्यावी लागते, असं मंदार म्हणायचा.

त्या दिवशी मी मुद्दाम बरोबर गेले, कारण हा माणूस आत जाऊन काय लपवील याचा भरवसा नव्हता. आणि झालंही तसंच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्वचेचा काही त्रास? शेवाळे म्हणाले, तो विभाग वेगळा. त्याचं जर्मन भाषांतर त्यांच्याकडे तयारच होतं. मी मराठीत म्हटलं, भावजी, मोजे काढा, नाहीतर मी कात्री आणलीय पर्समध्ये.

मोजे निघाले. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या उघड्या हातांत घेतले. एकेक सांधा दाबून पाहिला, एकेक नख उजेडात धरून पाहिलं. म्हणाल्या, हे तर खास वुर्स्टफिंगर, म्हणजे सॉसेजसारखं बोट. शेवाळे जन्माचे माळकरी. त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या ताटात ते सॉसेज वाढलंय. पण हात त्यांनी ओढून घेतला नाही.

बाईंनी शांतपणे समजावलं. सोरायसिस हा नुसता कातडीचा आजार नाही. शरीराची राखण करणारी यंत्रणाच बिथरते आणि स्वतःवर उलटते. आधी बहुतेकांच्या त्वचेवर उठते, मग काहींच्या सांध्यांत शिरते, बोटांत, टाचेत, कमरेत. वेळेवर आवरलं नाही तर सांधे कायमचे झिजतात. शेवाळे लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी हळूच विचारलं, म्हणजे दोन्ही एकाच विभागात? बाई म्हणाल्या, “गेनाऊ.” अगदी बरोबर.

परत येताना गाडी मी चालवत होते. हातमोजे त्यांच्या मांडीवर होते. खिडकीबाहेर बघत ते बोलले. म्हणाले, माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाचं उष्टावण होतं. मी मामा. पाटावर बसलो, वाटी हातात घेतली, आणि तिच्या सासूबाईंनी ती काढून घेतली. भांडण नाही काही. नुसती काढून घेतली आणि शेजारच्या एका माणसाला मामा करून बसवलं. बहीण गप्प राहिली. तिचाही नाइलाज होता. “त्यानंतर मी मामाच्या विभागात गेलो नाही, वहिनी.”

मला रडू आलं, आणि पुढे सिग्नल लाल होता हे बरं झालं. त्या सासूबाई समोर असत्या तर मी काय केलं असतं ते इथे लिहीत नाही. मी एवढंच म्हटलं, खीर मी करणार आहे, वाटी माझी आहे, आणि ती कुणीही तुमच्या हातातून काढून घेणार नाही. तुमचं औषध लागू पडेपर्यंत आम्ही थांबू.

मग औषधाचं प्रकरण सुरू झालं. गोळ्या आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायच्या, चुकूनही रोज नाही. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. मधूनमधून रक्ततपासणी. बिअर वर्ज्य, ती तर या माळकऱ्याला आधीपासूनच. शेवाळ्यांनी शुक्रवार ठरवला आणि त्याला ‘सर्व्हिसिंग’ असं नाव दिलं. शुक्रवारी रात्री पोटात ढवळायचं, शनिवारी माणूस मलूल. गुण यायला दीड-दोन महिने लागतील असं बाईंनी बजावलं होतं, तरी हे दर रविवारी बोटाला टेप लावून बघायचे आणि खट्टू व्हायचे.

पुढे खरंच सूज उतरली. टाच टेकायला लागली. चट्टे फिके पडले. आणि या शहाण्याने काय करावं? गोळ्या बंद केल्या. मशीन चाललंय तर उघडायचं कशाला, म्हणे. उष्टावणाचा दिवस ठरलेला, मी खिरीचा रवा चाळून ठेवलेला, आणि आदल्या आठवड्यात बोट पुन्हा फुगलं. हातावर पुन्हा लाली. त्यांनी फोन करून सांगितलं की मामाचं जरा दुसरीकडे बघा.

मी त्यांना फोनवर असं झाडलं की मंदार इराला घेऊन बाहेर गेला. डॉक्टरीणबाईंकडे परत पाठवलं. तिथेही बोलणी खाल्ली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. बाई म्हणाल्या, बरं वाटतंय ते औषधामुळे, औषधाची गरज संपली म्हणून नव्हे. मग शेवाळ्यांनी कधी शुक्रवार चुकवला नाही. पण ते बोट मात्र थोडं वाकडंच राहिलं. ते काही पुन्हा सरळ झालं नाही.

उष्टावण अखेर झालं तेव्हा इरा चांगली दात आलेली, गाजर-बटाटे पचवून बसलेली घोडी होती. शेवाळे इस्त्रीचा झब्बा घालून आले. बाथरूममध्ये गेले नाहीत. सगळ्यांसमोर हातमोजे काढून बाजूला ठेवले. चट्टे पुरते गेले नव्हते, पेरांवर अजून गुलाबी खुणा होत्या. पाटावर बसले आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मी वाटी त्यांच्या हातात दिली आणि माझा हात त्यांच्या हातावर तसाच ठेवला.

त्यांनी चमचा उचलला नाही. ते वाकडं बोटच खिरीत बुडवून इराच्या तोंडापाशी नेलं. इराने खीर चाटली, मग बोट दोन्ही मुठींत धरलं आणि कडकडून चावली. शेवाळे हूं की चूं करेनात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. मंदार सोडवायला पुढे झाला तर म्हणाले, राहू दे, पकड बघ कशी आहे, मायक्रॉनचीही ढील नाही.

संध्याकाळी घरी पोचल्यावर त्यांचा फोन आला.

“ताई,” ते म्हणाले. मग थोडं थांबले, बहुतेक मी काही म्हणते का ते बघायला. “माझा टेप राहिलाय का तिकडे?”

मी म्हटलं, “राहिलाय, दादा. भाचीच्या तोंडात आहे. हातमोजेही राहिलेत.”

“मोजे राहू देत,” म्हणाले. “टेप मी रविवारी येऊन नेतो.”