मापात बसलेला स्वेटर

"खोटं बोलायला अक्कल लागते, बाई!" जेवणाच्या सुट्टीत हेडक्लार्क नव्या टायपिस्टबाईंना शिकवत होते. "समोरच्याचं मन राखलं जातं आणि आपलं काही जात नाही, ते खोटं नव्हेच! माझ्या सख्ख्या बहिणीशी पाच वर्षं खोटं बोलतोय. तिला पत्तासुद्धा नाही!"

टायपिस्टबाईंनी डब्यातून मान वर काढली नाही.

त्याचं असं झालं. पाच वर्षांपूर्वी ताईचे यजमान गेले. आडव्या अंगाचा माणूस, दारात उभा राहिला की खोलीत अंधार पडायचा. हृदय अचानक बंद पडलं. त्याच हिवाळ्यात ताई गाडीने भावाच्या गावी आली, हातात हिरवा स्वेटर. "घालून बघ," एवढंच म्हणाली. डोळे सुजलेले.

हेडक्लार्कांची प्रकृती म्हणजे खुंटीवर टांगलेला सदरा! आतल्या खोलीत जाऊन त्यांनी स्वेटर घातला, तर आत आणखी दोन हेडक्लार्क सहज मावले असते. माप कुणाचं आहे हे त्यांना कळलं. पण ताईला रडताना बघायची त्यांची छाती नव्हती. ते आतूनच ओरडले, "अगदी मापात बसला, ताई!"

"बाहेर ये, बघू दे."

झालं! बायकोने पलंगावरची उशी त्यांच्या पोटावर टॉवेलने बांधली, बाह्या आत दुमडल्या आणि हेडक्लार्क गरोदर बाईसारखे जपून बाहेर आले. ताई बघतच राहिली. "अंगाने भरलास रे," ती हळूच म्हणाली.

तेव्हापासून दर हिवाळ्यात ताई यायची, त्याच मापाचा नवा स्वेटर आणायची, आणि हेडक्लार्क दिवसभर उशी बांधून बसायचे. एकदा जेवताना उशी घसरून मांडीवर आली, तेव्हा त्यांनी तसंच अर्धा तास वाकून खाल्लं.

"अहो, खरं सांगून टाका," बायको म्हणायची.

"तिला वाईट वाटेल गं!"

स्वेटर मात्र ऑफिसच्या वॉचमनला जायचे. तो चांगला ऐसपैस होता.

यंदाही ताई येऊन गेली, त्याला आठच दिवस झाले होते. आणि टायपिस्टबाईंना धडे देता देता हेडक्लार्कांचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. फाटकातून ताई आत येत होती! वॉचमन तिच्याकडे पाठ करून उभा होता. अंगात तोच पहिला हिरवा स्वेटर.

ताई जागच्या जागी थांबली. मग तिच्या तोंडून निघालं, "अहो!"

वॉचमन वळला. "काय बाई?"

ताईने फाटकाचा गज धरला.

हेडक्लार्क दोन-दोन पायऱ्या उतरत धावले. पातळ शर्ट, उशी नाही! त्यांना बघून ताईने किंकाळीच फोडली. "अरे, काय झालं तुला? आठ दिवसांत एवढा खंगलास?"

"ते... पथ्य चालू केलंय!"

"आठ दिवसांत अर्धा माणूस झालास! कुठला आजार लपवतोयस? आणि तुझा स्वेटर यांच्या अंगात कसा?"

"चुकून! खुंटीवरून चुकून घेतला असेल त्याने!"

वॉचमनला ते लागलं. "साहेब, असं बोलू नका! तुम्हीच दिलात की! हा आणि नंतरचे सगळे! 'मला कापडाच्या पिशवीसारखा होतो, तूच घे,' म्हणालात!"

ताई वॉचमनच्या बाकावर बसली. तिने पर्समधून एक चिठ्ठी काढली. हृदयाच्या डॉक्टरांची आजची चारची वेळ होती.

"तुझ्यासाठी घेतली," ती म्हणाली. "तेही असेच फुगत गेले होते. पाच वर्षं रोज सकाळी फोन वाजला की मी उचलायला घाबरते. म्हणते, गेला हाही."

हेडक्लार्कांनी आपल्या सपाट पोटावर हात ठेवला. "ताई, उशी होती गं ती."

"उशी."

"तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"वाईट वाटलंच होतं रे! माणूस गेला होता माझा! स्वेटर बघून जो तो छान छान म्हणत होता. एकाने तरी म्हणायचं होतं, ताई, हे त्यांचं माप आहे. जवळ बसायचं होतं जरा."

वॉचमन बिचारा स्वेटर काढायला लागला. "राहू द्या," ताई म्हणाली. उठून तिने त्याची कॉलर सरळ केली, खांद्यावरून एकदा हात फिरवला आणि लगेच मागे घेतला.

मग ती भावाकडे वळली. "इकडे ये." तिने दोन्ही हातांनी त्यांना कवेत घेतलं. हेडक्लार्कांनी झटकन छाती फुगवली. वरच्या खिडकीत टायपिस्टबाई उभ्या होत्या.

"श्वास सोड."

"सोडलाय की!"

"खोटं."

हेडक्लार्कांनी श्वास सोडला. ताईचे हात त्यांच्या पाठीमागे एकमेकांना भेटले, आणि पुढे कोपरांपर्यंत गेले.

"एवढासाच आहेस होय रे तू?" ती म्हणाली.