गंगाधरची बेगमसाब

आमचा गंगाधर माणसांशी मराठीत बोलतो आणि गाडीशी दख्खनीत. सकाळी पत्र्याच्या शेडचं दार वाजलं की पाठोपाठ त्याचा आवाज येतो, "उठो बेगमसाब, सूरज सिर पो आया!" मग चावी फिरवतो. गाडी खोकते, गप्प होते. "रूठना नक्को, बेगमसाब."

मी एकदा म्हणलं, "गंग्या, बायकोशी कवा इतक्या अदबीनं बोललास का रं?"

"ती गंगाखेडची होती, तात्या. ही नवाबाच्या वाड्यात वाढल्याली. हिला मराठी कळत न्हाई."

"मंग मूळची इटलीची हाय, तर तितल्या भाषेत बोल की."

"ती तिची लहानपणची. इसरली आसल आता."

गाडी लाल, दोन माणसांची, वर टप नाही. बुटकी इतकी, की आमच्या राणीसावरगावच्या रस्त्यानं निघाली तर शेळीसुद्धा तिच्याकडं खाली मान घालून बघते. पण गंगाधरपुढं हे बोलायची सोय नाही. पाव्हणा आला की पाणी द्यायच्या आधी गाडीचं खानदान सुरू. "इटलीच्या डोंगरात शर्यती व्हायच्या, तितं हिच्या बहिणी पळायच्या. पत्रा हातानं ठोकून घडवल्याली वस्तू हाय. कारखाना कवाच बंद पडला. हिच्या जातीच्या आता बोटावर मोजायला सुदिक न्हाईत." मी बैलवाला माणूस. लाल कंधारी सोडून दुसरी जात मानत नाही. ज्याला शेण नाही त्याला कसलं खानदान?

ती इथं आली कशी, तर जहागिरी गेली तरी ज्याचा शौक गेला नव्हता अशा एका नवाबजाद्यानं बोटीनं मागवली. तो वारला आणि गाडी कापसाच्या जुन्या गोदामात पडून राहिली. गंगाधर पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरायचा. गोदामात वायर ओढायला गेला, सीटवर अंडी उबवत बसलेली कोंबडी उठवली, आत डोकावला तो डोकावलाच. भंगाराच्या भावात घेतली आणि घरी आणली ती माझ्या बैलांनी ओढून. हे तो पाव्हण्यांना सांगत नाही. मी सांगतो.

पुढं कितीतरी वर्षं तो गाडीखालीच दिसायचा, म्हणजे पायच दिसायचे. एकदा इटलीहून पार्सल आलं. सगळा गाव जमला. आत निघाली करंगळीएवढी स्प्रिंग. गंगाधरनं ती कपाळाला लावली.

पोळ्याचं तर विचारूच नका. आदल्या सांजेला आम्ही बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतो आणि कानात उद्याच्या जेवणाचं आवतन देतो. यानं लोणी बॉनेटला चोळलं. वर आरशाला तोंड लावून म्हणतो, "कल दावत है, बेगमसाब." सकाळी बघतो तर गाडी काळी! मुंग्या. त्या झटकल्या आणि बैलांच्या मागं मिरवणुकीत घातलीच. गाडीपुढं ठेवलेली पुरणपोळी माझ्या बैलानं खाल्ली, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्याची एकच हौस होती. हैदराबादला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, तिथं हिच्या जातीची दुसरी गाडी येते म्हणे. "एवढी वर्सं एकटी हाय, तात्या. एकदा आपल्या मान्सांत उभी करायची हिला." हे इतक्यांदा बोलला की मलाही ती गाडी तिथं जावीशी वाटायला लागली.

औंदा तिथले साहेब तपासायला आले. हातातल्या बॅटरीच्या उजेडात खालून-वरून बघितलं, मान डोलावली. गंगाधरच्या तोंडावर तर लग्न ठरल्याचा आनंद. मग साहेबानं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. त्या सीटच्या पुढं जुन्या सायकलचा दांडा बसवलेला, त्याला गोधडीची चिंधी गुंडाळलेली.

"हे काय? हे मूळचं नाही. हा काढा, छिद्रं बुजवा, की गाडी प्रदर्शनात घेतलीच समजा."

"दांडा न्हाई निघायचा."

मला राहवलं नाही. "आरं काढ की येड्या! सायकलच्या दांड्यापायी हैदराबाद घालवायलास व्हय?"

"तू मधी पडू नकू, तात्या."

साहेबानं विचारलं, "पण लागतो कशाला?"

"गाडी बुटकी हाय. गुडघे धरत्यात मान्साचे. बसाय-उठाय आधार नको?"

"कोण बसतं तिथं?"

"आजून कुनी न्हाई." गंगाधर चाकाकडं बघायला लागला. मग माझ्याकडं बोट केलं. "ह्यो बसल कवातरी. लय आडमुठा हाय, पर बसल."

साहेब चहा पिऊन गेले. गाडी हैदराबादला जाणार नाही हे पक्कं झालं.

गाडी आली त्या दिवशी मी चारचौघांत म्हणलं होतं, या डब्यात मेल्यावरसुद्धा बसणार नाही. गंगाधरनं मला कधी आग्रह केला नाही. मी आपला त्याला येडा म्हणत राहिलो.

आता मी जोडे काढले. दांडा धरला आणि बसलो. हाताला बरोबर पुरला. तोही पलीकडून येऊन बसला.

"कर चालू."

"करू की. घाई काय हाय?"

त्यानं चावी काही लावली नाही. नुसता समोरच्या पत्र्याकडं बघत त्याच्या लेकीचं, माझ्या नातवाचं, औंदाच्या सोयाबीनचं बोलत राहिला. गुरं घराकडं परतली तरी आम्ही शेडमध्येच बसलेलो.