परब सगळं सेट करतो

आमच्या विक्रोळीच्या बिल्डिंगीतल्या परबाला इंग्रजीतला एकच शब्द येत होता आणि त्या एका शब्दावर त्याने चार मजले जिंकले होते. शब्द होता ‘सेट’.

तब्येत कशी आहे? सेट. दही लागलं? सेट. मुंजाळांच्या मुलीचं लग्न ठरलं, तर परब जिन्यातूनच ओरडला, ‘‘पोरगी सेट!’’ मिशी तो तेल लावून सेट करायचा, साहेबाला बोलण्यात सेट करायचा आणि भांडून माहेरी निघालेल्या बाईला दोन कप चहात सेट करून नवऱ्याकडे परत पाठवायचा. एकदा तर एका मयताच्या घरी, ताटी बांधून झाल्यावर तो हळूच म्हणाला, ‘‘सेट.’’ शपथेवर सांगतो, रडणाऱ्या बायकांना त्याने धीर आला! मी हे बोललो असतो, तर दुसरी ताटी बांधावी लागली असती.

मी पडलो बी.कॉम. डिक्शनरी उघडली, तर या शब्दाचे अर्थ पानं भरून सांडत होते. सूर्य मावळतो, तोही म्हणे सेट होतो! बायकोसमोर परबाला ऐकवलं.

‘‘साळव्या, उद्या परत उगवता मा? मगे सेटच तो!’’

बायको पोट धरून हसली. लग्नापासून माझ्या एकाही वाक्याला ती इतकी हसलेली नाही.

पण खरा जळफळाट रविवारी संध्याकाळचा. टीव्हीवर सिनेमा रंगात आला की पडद्यावर मुंग्या. गच्चीवर प्रत्येकाच्या अँटेनाचा वेगळा पाइप. कावळा बसला तरी तोंड फिरायचं. मग खिडक्याखिडक्यांतून एकच हाक, ‘‘परबभावजीऽऽ!’’ त्यात सर्वांत वरचा सूर माझ्या बायकोचा. आणि मी हातीपायी धडधाकट, तिच्या शेजारी बसलेला!

‘‘अगं, मी जातो ना.’’

‘‘तुम्ही नको. मागच्या वेळी फिरवलात, तर खालच्यांचंही गेलं.’’

तोवर चित्र आलं का म्हणून वरून परबाचा आवाज यायचा, ‘‘इलां काय?’’ एकदा त्याने पाइप असा काही फिरवला, की कराचीच्या बातम्या देणाऱ्या बाईच्या नाकातली चमकी दिसली, असं दुसरा मजला अजून सांगतो.

मी पेटलो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव आणला: सगळ्यांसाठी मिळून एकच थोरला अँटेना, बूस्टरसकट, सिमेंटात गाडलेला. मेकॅनिक आला, अँटेना बसला, जुन्या अँटेनांच्या वायरी कापल्या गेल्या. त्या कापताना शिडी परबानेच धरली.

पुढच्या रविवारी चित्र असं स्वच्छ, की हिरॉइनच्या पदराचे टाके मोजावेत. कुणी परबाला हाक मारली नाही. ‘‘छान दिसतंय हो,’’ बायको म्हणाली. मला! बातम्यांसाठी सिनेमा थांबला, तसा मी विजयाचा वारा खायला गच्चीवर गेलो.

परब तिथे होता. इस्त्रीचा शर्ट घालून. त्याची बायको वारल्यापासून खाली खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. आमच्या जुन्या अँटेनाचा पाइप दोन्ही हातांनी धरून तो बोटबोट फिरवत होता. कापलेली वायर पायाशी लोंबत होती. कान मात्र खिडक्यांकडे.

‘‘इलां काय?’’ त्याने विचारलं. ओरडला नाही, नुसतं विचारलं.

खाली घराघरांत बातम्या चालू होत्या. त्याने रुमालाने पाइप पुसला आणि पुन्हा धरला.

मी उलट्या पावली अर्धा जिना उतरलो, जिन्याच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि बोंब ठोकली, ‘‘अरे परब! चित्र गेलं रे! जरा डावीकडे घे!’’

वर पाइप करकरला.

‘‘आता?’’

माझ्यासमोर जिन्याची पोपडे निघालेली भिंत होती. तिच्याकडे डोळे ताणून बघत मी ओरडलो, ‘‘अजून थोडं!’’