ठकूआत्यांच्या रानातलं पीक

आमच्या ठकूआत्या पेनिसिलीनला औषध म्हणत नसत, पीक म्हणत. पिंपरीत औषधांची कंपनी आली ती त्यांच्या ज्वारीच्या रानावर. तेव्हा आत जे काही तयार होतं ते आपलंच, अशी त्यांची पक्की समजूत. कुणाला इंजेक्शन दिल्याचं कळलं की विचारत, "गुण आला न्हवं? येनारच. आमचं रान लई कसदार!"

मी त्याच कंपनीत कारकून. आमच्या कॉलनीला लागूनच आत्यांचं घर. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, अंगणभर कोंबड्या. कोंबड्यांशी बोलणं अहोजाहोचं. "अवो काळूबाई, दानं टिपा, भांडू नगा."

एकदा कोंबड्यांना हगवण लागली. गुरांच्या डॉक्टरांनी पेनिसिलीनच्याच जातीची पूड दिली आणि त्या बऱ्या झाल्या. झालं! तेव्हापासून आत्या पूड विकत आणून रोज सकाळी चिमूटभर पाण्यात घालू लागल्या, कोंबड्या आजारी असोत-नसोत. "देवाचा अंगारा रोज लावतोच की!"

पुढे पुन्हा हगवण आली. आत्यांनी चिमटीची मूठ केली, तरी गुण येईना. कोंबड्या माना टाकू लागल्या. डॉक्टर आले आणि भडकलेच. "रोज पूड दिलीत, त्यात चिवट जंतू तेवढे तगले आणि वाढले. आता त्यांना ही पूड बाधत नाही. दुसरं औषध माझ्याकडे नाही. सगळ्या मारून पुरा."

"मारायला काय डाक्टर लागतो व्हय?" म्हणत आत्यांनी पदर खोचला.

गावात कोंबडी वाट्यानं द्यायची रीत आहे. कोंबडी एकाची, सांभाळणार दुसरा, पिल्लं निम्मी-निम्मी. आजारी कोंबड्यांपासून लांब राहाव्यात म्हणून आत्यांनी धडधाकट कोंबड्या कॉलनीत घरोघर वाट्यानं दिल्या. काळूबाई आमच्याकडे आल्या. मग खुराड्याला चुना मारला, जुना पेंढा जाळला, आजाऱ्यांना पाणी उकळून गार करून पाजलं. काही दगावल्या, पण बाकीच्या उठल्या, आणि पुडीची चिमूटसुद्धा न घेता! पुढे कॉलनीभर पिल्लंच पिल्लं झाली. डॉक्टर मुद्दाम बघायला आले, तर काळूबाईंनी त्यांच्या बुटावर चोच मारली. मला इतका आनंद झाला की मी भर अंगणात टाळ्या पिटल्या.

मग एक दिवस आत्या वाटा न्यायला आल्या. पिल्लं हातात घेऊन पाहिली, चहा घेतला, माझ्या बायकोशी पोटभर बोलल्या आणि रिकाम्या हातानं उठल्या.

"आत्या, तुमची निम्मी पिल्लं?"

"ऱ्हाऊ दे हितंच," त्या चपला घालत म्हणाल्या. "वाटा नेला की येनं सरलं, बाबा."