केस खाणारा दैत्यराज

या मंडळी, असे जवळ सरका. आज एका राक्षसाचं आख्यान सांगतो. ऐकता ऐकता हात आपोआप डोक्यावर गेला, तर लाजू नका.

तोक्योच्या नेरिमा भागात कुझुमी तामाए ही चित्रकथाकार राहायची. एका साप्ताहिकात तिची भयंकर कथा चालू होती. काळोखाचं राज्य, रक्ताची तळी आणि कायम भुकेला दैत्यराज! वाचक मात्र जांभया देत होते. त्यांच्या पसंतीची कार्डं दर आठवड्याला येत आणि तामाए तळाशीच राही. संपादक इसोगाईंनी सांगूनच टाकलं, "सेन्सेई, या अंकानं उचल खाल्ली नाही, तर मालिका बंद. वरून हुकूम आहे." सेन्सेई म्हणजे गुरुजी; तिकडे चित्रकथाकारांना मानानं असंच म्हणतात.

तामाए पेटून उठली. दैत्यराजाला असं काही बोलायला लावलं, की वाचकाची बोबडीच वळावी: "आता मी देवाला खाणार!" पात्राच्या तोंडाशी काढलेल्या फुग्यातला मजकूर चित्रकारानं पेन्सिलीनं खरडायचा आणि कार्यालयानं तो ठसठशीत अक्षरांत बसवायचा, ही तिथली रीत. घाईत तिनं 'देव' या शब्दाचं अवघड चित्राक्षर न काढता साध्या लिपीत 'कामी' लिहिलं. जपानीत देव म्हणजे कामी आणि डोक्यावरचे केस म्हणजेही कामीच!

अंक आला. दुकानातच भाताचा गोळा खात उभ्या उभ्या तिनं पान उघडलं. विजा कडाडत होत्या, दैत्यराज गरजत होता: "आता मी केस खाणार!"

हातातला भाताचा गोळा हातातच राहिला. तिनं तिथूनच फोन लावला.

"इसोगाई-सान! माझ्या दैत्याचा न्हावी केलात की हो!"

"काय झालं, सेन्सेई?"

"केस खातोय तो! मी देव म्हटलं होतं, देव!"

इसोगाईंचं डोकं कपाळापासून मानेपर्यंत गुळगुळीत. डोक्यावर जे उरलं नाही, तेच बिचाऱ्याच्या डोक्यात घोळत असणार, असं तिला वाटलं.

"दुरुस्ती छापा!"

"छापू हो. आधी कार्डं तर येऊ देत."

कार्डं आली आणि पोती भरली! कुणी लिहिलं, 'आमचे बाबा टोपी घालून झोपतात.' एका मुलीनं विनवलं, 'नायिकेची वेणी वाचवा, माझी हवी तर घ्या!' कथा तळातून उसळली ती थेट पहिल्या नंबरावर. आता माघार कशी घ्यायची? तामाएनं मग मुंडण केलेल्या भिक्षूंची अजिंक्य सेना उभी केली. दैत्यराज त्यांच्यापुढे उपाशी! वाचक नाचले. पाठोपाठ टीव्हीवर अ‍ॅनिमे आला, व्हिडिओ गेम आला, केस उपटून निघणाऱ्या बाहुल्या आल्या. शाम्पूवाले तर दारात रांग लावून उभे. सिनेमाच्या पहिल्या खेळाला पोरं डोक्याला फडकी बांधून आली आणि दैत्यराज दिसताच सगळं थिएटर डोकं धरून किंचाळलं!

त्या आनंदाच्या मेजवानीत तामाए इसोगाईंपुढे कमरेत वाकली. "तुमची ती चूक झाली नसती, तर मी आज कुठे असते!"

"चूक?" इसोगाईंनी बिअरचा ग्लास खाली ठेवला. "सेन्सेई, चित्रात दैत्य देवळाच्या कमानीत उभा. पायाशी देव थरथर कापतोय. तिथे केस कोण वाचेल?"

"म्हणजे... तुम्हाला कळलं होतं?"

"न कळायला काय झालं? पण देव खाल्ला की गोष्ट खलास. त्याच्यानंतर खायला उरतं कोण? मालिका त्याच आठवड्यात आटोपली असती. केस कसे, खाल्ले तरी पुन्हा उगवतात!"

तामाएची नजर नकळत त्यांच्या टाळूकडे गेली.

"सगळ्यांचेच नाही," इसोगाई गंभीरपणे म्हणाले, "पण देव तरी वाचला ना?"

तर मंडळी, दैत्याच्या जबड्यातून देवाला अलगद काढून घेणारे असे भक्त विरळेच. उद्या देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या इसोगाईंचीही आठवण काढा. जमलं तर त्यांच्यासाठी चार केस मागा.