चोवीस पोर्टांचे कांबळे

अनंत कांबळे कुणालाही 'कसं काय' म्हणून विचारत नाहीत. ते विचारतात, "दिवा लागलाय न्हवं?" सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं की हेच आणि आजारपणाच्या रजेवरून परतलं तरी हेच. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्टेजवर येऊन जावयाचा हात हातात घेतला आणि हाच प्रश्न केला. जावई पुण्याचा. तो बिचारा मान वर करून हॉलमधली झुंबरं बघायला लागला. मी नंतर त्याला समजावलं, की दिवा म्हणजे नेटवर्कच्या स्विचवरचा हिरवा दिवा. तो लागलेला असला की वायर शाबूत आहे आणि पलीकडचं यंत्र जागं आहे. जावयाला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा एवढंच माहीत होतं.

आमची फौंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, कोल्हापूरबाहेर एमआयडीसीत आहे. मी तिथं प्रशासन बघते. म्हणजे हजेरी, रजा, कॅन्टीन आणि कुणाचं कुणाशी बिनसलं तर तेही. कांबळे आधी खाली शॉपवर, म्हणजे भट्टीच्या विभागात, साचे भरायचे. चाळिशी उलटल्यावर माणूस एकाएकी कॉम्प्युटर शिकायला लागला, परीक्षा दिल्या आणि नेटवर्कचा इनचार्ज झाला. का, ते आम्ही कुणी विचारलं नाही. हौस असेल, असं धरून चाललो.

जिन्याखालच्या खोलीत लोखंडी कपाट आहे, त्यात तो स्विच. एकदा मी त्याला डबा म्हटलं.

"डबा न्हवं मॅडम. मॅनेज्ड हाय त्यो!"

"म्हणजे काय?"

"साधा स्विच आपल्या मनानं चालतोय. ह्याला सांगाय येतंय. कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं, कुणाला आधी न्यायचं. आता बघा, ह्यात चार गल्ल्या हाईत. ऑफिसची, शॉपची, कॅमेऱ्यांची, फोनची. ह्या गल्लीतला त्या गल्लीत मी सोडल्याबिगार जात न्हाय."

"मधे भिंत आहे का?"

"हाय की. पण दिसत न्हाय."

"मग आहे हे कळतं कसं?"

"धडकल्यावर."

हे मी वहीत लिहून ठेवलं आहे. अजून उलगडा झालेला नाही.

धडकले मात्र मी लवकरच. मला नवा लॅपटॉप मिळाला, मी जुन्याची वायर काढून त्याला लावली आणि स्विचनं माझं दारच बंद केलं. कांबळे आले आणि शांतपणे म्हणाले, "त्यानं वळखलं न्हाय."

"अहो, टेबल तेच, खुर्ची तीच, मीही तीच!"

"तुमी त्याच. मशीन परकं हाय. परक्याला आत घ्यायचं न्हाय असं मीच त्याला सांगून ठेवलंय."

नव्या सुनेला घरात घ्यावं तसा त्यांनी माझा लॅपटॉप रीतसर आत घेतला. त्यात अर्धा दिवस गेला.

पण खरा गोंधळ झाला तो नंबरांवरून. स्विचला चोवीस पोर्ट, म्हणजे वायर खुपसायच्या चोवीस खाचा. कांबळेंनी प्रत्येकाच्या टेबलाशी भिंतीवर पोर्टाचा नंबर चिकटवला. नंबर दिसला की आमच्याकडं मान आलाच. मालकांनी एक नंबर घेतला, त्यावर कुणाचं म्हणणं नव्हतं. पण स्टोअरच्या चौगुल्यांना चार मिळाला आणि अकाउंटच्या जोशींना नऊ. जोशी दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत वेगळे बसले. "तेवीस वर्षं झाली मला इथं," असं मला तीनदा ऐकवलं. चौगुले म्हणाले, "माझा चार मी सोडनार न्हाय. मागून घेतलेला न्हाय, आपल्या पायानं आलाय." शेवटी प्रकरण माझ्याकडं आलं. मी कांबळेंना विचारलं, की आधीच्या नंबरात नेट जोरात येतं का?

"काय बी फरक न्हाय. एक काय आनि चोवीस काय."

"मग हे भांडतायत कशासाठी?"

"ते मला कसं ठावं? मी वायरी बघतोय, माणसं तुमी बघता."

तीन कुणाकडं नव्हता, तो जोशींना दिला. त्या दिवसापासून त्यांचं नेट एकदम सुधारल्याचं ते सगळ्यांना सांगत होते. कांबळेंनी फक्त भिंतीवरचा कागद बदलला होता. वायर नऊ नंबरातच होती.

मग मालकांची ती मीटिंग झाली. परदेशातलं मोठं गिऱ्हाईक पडद्यावर होतं, कास्टिंगचे नमुने टेबलावर मांडलेले होते आणि ऐन बोलण्यात मालकांचा चेहरा तोंड उघडं राहिलेल्या अवस्थेत थिजला. असं चार वेळा झालं. गिऱ्हाइकानं सभ्यपणे परवा पुन्हा बोलू म्हटलं. मालक माझ्या केबिनमध्ये आले.

"वहिनी, एक नंबर माझा असून माझीच ही गत? कांबळ्यांना विचारा. परवापर्यंत सुधारलं तर ठीक, नाहीतर बाहेरचा माणूस आणून सगळं सेटिंग नव्यानं करून घेतो. कांबळे जाऊ देत परत शॉपवर."

मी जिन्याखालच्या खोलीत गेले. कांबळेंना सगळं सांगितलं आणि म्हटलं, आधी कोण, नंतर कोण, ती यादी मला दाखवा. ते का-कू करत होते. मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी स्क्रीनवर यादी काढली. इंग्रजी अक्षरांच्या त्या जंगलात मला एवढंच वाचता आलं, की सगळ्यात वर पोर्ट बावीस आहे. मालक बरेच खाली होते.

"बावीसला कोण आहे?"

"गेटचा फोन."

"मालकांच्या आधी वॉचमन?"

"आवाजाला आधी वाट द्यायची, असा नियम हाय मॅडम. त्या फोनला करंट पन हितनंच जातोय, त्याच वायरीतनं. गेटवरची लाईट गेली तरी फोन चालू ऱ्हातोय."

"आवाज मालकांच्या मीटिंगलाही असतो. नियम मला सांगू नका."

कांबळे स्क्रीनकडंच बघत बोलायला लागले.

"शॉपवर मोबाईल न्हेऊ देत न्हाईत. समद्यांचे गेटवर जमा. घरनं काय निरोप असला तर गेटवर फोन येतोय, वॉचमन मानूस धाडतोय. मी साचं भरत हुतो तवाची गोष्ट. कुरुंदवाडासनं भावाचा फोन आलता. तवा साधा स्विच हुता. ऑफिसात कुनीतरी मोठ्ठी फाईल घेत हुतं, त्यात फोनचा आवाज तुटाय लागला. वॉचमननं हॅलो हॅलो केलं नि ठेवला. त्याची काय चूक न्हाय. भावानं तीनदा लावला. मी पाळी सुटल्यावर मोबाईल घेतला, तवा कळलं. आई दुपारपतूर हुती. मी पोचलो सहाला."

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. स्क्रीनकडं बघत राहिले. त्यातलं काही कळत नव्हतं, ते बरंच झालं.

"मला शॉपवर धाडा, चालंल," ते म्हणाले. "पर तेवढं बावीस खाली घेऊ नका म्हनावं."

रडून स्विच चालत नाही. मी विचारलं, "गेटचा फोन दिवसातून किती वेळा वाजतो?"

"चार-पाच."

"त्यानं मालकांचा चेहरा थिजेल?"

"छ्या! त्यो किती जागा घेतोय? चिमटीभर."

"मग कशानं थिजला?"

कांबळे पुन्हा का-कू करायला लागले. मग त्यांनी एक आलेख दाखवला. मालकांनी केबिनमध्ये भिंतीएवढा टीव्ही लावला आहे, त्यावर कारखान्यातले सगळे कॅमेरे एकदम दिसतात. तो टीव्हीही मीटिंगच्याच वायरीवर, पोर्ट एकवरच. मालकांची वाट मालकच अडवून बसले होते.

"हे तुम्ही सांगितलं का नाही?"

"एक नंबरला सांगनार कोन?"

मी सांगितलं. मीटिंगच्या वेळी टीव्ही बंद ठेवा, एवढंच. मालक जरा लालबुंद झाले, पण परवाची मीटिंग सुरळीत पार पडली. बाहेरचा माणूस आला नाही. यादीत वर कोण आहे ते त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात दुपारी गेटपासचं रजिस्टर तपासायला गेटवर गेले होते. फोन वाजला. वॉचमन ट्रकची कागदं बघत होता. तो तिकडूनच ओरडला, "मॅडम, घ्या तुमी. कांबळेच असनार. रोज ह्या टायमाला करत्यात."

मी उचलला.

"येतोय का आवाज?" पलीकडून कांबळे. मी आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"येतोय," मी म्हटलं.

मग, "तुटत न्हाय न्हवं?"

"नाही. स्वच्छ येतोय."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. एका हातानं रिसीव्हर धरून दुसऱ्या हातानं रजिस्टरची पानं उलटत राहिले.