आप्पांचा पाहुणा

एकवीस जूनला आमच्या मजल्यावर कपडे वाळत घालायला बंदी असते. हुकूम दौलतआप्पांचा. कुणाची चादर, कुंडी, सायकल त्यांच्या उत्तरेच्या खिडकीआड आली, की आप्पा झाडू घेऊन दारात हजर. "काढा ते. पाहुणा यायचाय."

पाहुणा म्हणजे सूर्य.

वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचा सण अख्ख्या पंचवटीत आप्पा एकटेच करतात. सकाळी ओल्या रद्दीने खिडकीची काच घासतात. पेठ तालुक्यातल्या बाया पानांत बांधून विकतात ती जांभळं आणतात. दिवसभर दिवा बंद, पंखा बंद. शेजारच्या वहिनींनी दुपारी मिक्सर लावला तरी भिंतीवर थाप पडते. "आज त्याचा दिवस हाय, विजेचा नाय!" संध्याकाळी दोन कप चहा ओततात. एक पितात, दुसरा समोर मांडतात. तो आजवर कुणालाही मिळालेला नाही.

मी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटत मोठी झाले. कर्मकांड दिसलं की माझं डोकं फिरतं.

"आप्पा, उत्तरेच्या खिडकीत ऊन कसं येईल? पुरावा काय?"

"आली पत्रकवाली! तुझ्या मोर्चाला पोलिसांची परवानगी लागते. माझ्या पाहुण्याला नाय लागत."

यंदा दिवस ढगाळच उगवला. आप्पा सकाळपासून घरात आणि गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. आभाळाकडे बघून पुटपुटत होते, "एवढं करू नको, बाबा." दिवेलागणीच्या आधी मी डोकावले, तर ते अंधाऱ्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेले. समोर दोन कप. भिंतींना नुकताच रंग दिलेला. फक्त त्यांच्या समोरच्या भिंतीवर, खाली, ताटलीएवढा तेलकट डाग तसाच.

"रंगारी विसरला वाटतं."

"विसरतोय कसला! भांडलो मी त्याच्याशी." आप्पा भिंतीकडेच बघत होते. "सुमन तिथं टेकून लसूण सोलायची. रोज डोक्याला तेल. त्याचा डाग हाय तो."

मी खाली बसले.

"मी मनमाडला, रेल्वेत. रोजचं अपडाऊन. अंधारात निघायचं, अंधारात यायचं. सुट्टीच्या दिवशी नुसता झोपायचो. दर जूनला ती सांगायची, अहो, सांजच्याला आपल्या स्वयंपाकघरात ऊन येतं, एकदा लवकर या. मी म्हणायचो, उत्तरेला ऊन? खुळी का काय तू? दाखव पुरावा." ते थोडं हसले. "मी रिटायर व्हायच्या आधीच गेली. रिटायर झाल्यावर पहिल्याच जूनला इथं बसलो होतो. आलं की ऊन! नेमकं तिच्या जागेवर."

खिडकीबाहेर आभाळ शिशासारखं होतं. आप्पांनी जांभळांची ताटली उगाच सरळ केली, मग परत सरळ केली.

"उद्या येईल, आप्पा. अजून काही दिवस सूर्य तिकडेच मावळतो."

"येईल. पण मी तिला आजचं सांगून ठेवलं होतं."

एवढ्यात मावळतीला ढग फाटला. पिवळी तिरीप खिडकीच्या कडेने आत शिरली, डब्यांवरून घसरली आणि भिंतीला लागली. हळूहळू डागापाशी पोचली.

"आलं बरं का," आप्पा भिंतीला म्हणाले. "खरं होतं तुझं."

ऊन गेल्यावरही त्यांनी दिवा लावला नाही. त्यांनी दुसरा कप माझ्याकडे सरकवला.

"घे. गार झालाय. कामाच्या नादात तिचाही गारच व्हायचा."